आधी ब्रेक दाखव

सकाळी साडेसहा. मी शटर वर करतो तेव्हा यात्रेकरूंची पहिली गाडी मंदिराकडे वळलेली असते. आमच्या वाशिमकडच्या शिरपूरचा पार्श्वनाथ जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून तो अंतरिक्ष. माझ्या वेल्डिंगच्या दुकानात मात्र सगळं टेकलेलंच येतं, बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त: पाटा तुटून एका अंगावर बसलेली ट्रॉली, शाफ्ट वाकलेली बंडी.

सात. सोयाबीनचे दिवस आहेत, त्यामुळे पहिला मान ट्रॉलीचा. हुकाची पिन हरपली म्हणून मालकाने दहा एमएमचा गज वाकवून घातलाय. तो काढला तर मधोमध कातल्यासारखा झिजलेला. अजून दोन खेपा गेल्या असत्या, तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टर एकीकडे आणि ट्रॉली एकीकडे. पिन नवी दिली, तिला खाली चाप लावला आणि मागच्या दिव्यांचं विचारलं.

"लाईट कायले भाऊ? दिवसाच तं नेतो."

नेतो दिवसा, खरं आहे. पण बाजार समितीत काटा व्हायला संध्याकाळ होते आणि रिकामी ट्रॉली परत येते ती अंधारात. मातकट रंग, मागे ना दिवा ना नंबर. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रॉलीचीही वेगळी नोंदणी असते, तिलाही स्वतःचा एमएच-३७ चा नंबर लागतो, हे अर्ध्या गावाच्या गावी नाही. मी लाल पट्टी काढून चिकटवायला घेतो. पैसे नंतर मागतो, नाहीतर तो नको म्हणतो.

साडेनऊ. चहाबरोबर एक पोरगा येतो, मोबाइल पुढे करून. व्हिडिओ जुनाच. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची जीप. भंगारातले भाग, साधारण साठ हजारांचा खर्च, आणि मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी. "अशी करून द्या. पप्पा पैसे देतात."

वेल्डर म्हणून त्या जीपला माझा सलाम आहे. त्या माणसाचा हात चांगला. पण पोरगा व्हिडिओ अर्धाच पाहतो. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं तेव्हाच लिहिलं होतं, की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी अडवणारच. त्यापेक्षा ही मला द्या आणि बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांच्या घरी बोलेरो आली. म्हणजे एवढी गाजलेली जीपसुद्धा रस्त्यावर राहिली नाही. तुझ्या जीपच्या बदल्यात बोलेरो कोण देणार?

"मी रोडवर नेतच नाही ना. वावरातच चालवतो."

ही पळवाट सगळ्यांनाच माहीत आहे. मलाही वाटायचं. पण मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमात नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी 'किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी' चालवू नये असं आहे. वावर 'अन्य'मध्ये आलंच. आणि नोंदणी करायची तर आरटीओ विचारणार, नमुना कुठे तपासला? ती तपासणी पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला तो खर्च झेपतो. एकच गाडी बांधणाऱ्या लोहाराला कसा झेपावा? कायद्यावर माझा राग आहे तो इथे. त्याने धोका बरोबर ओळखला, पण गावच्या कारागिराला आत यायला साधी खिडकीही ठेवली नाही.

अकरा ते एक गेटचं काम. ग्राइंडरच्या आवाजात बोलणं होत नाही, ते बरंच.

दीड वाजता एक ओळखीचा दुकानदार. त्याला जुन्या मोटारसायकलला मागे दोन चाकं आणि पाटी हवी, पोती वाहायला. "तीन चाकी गाडीले पासिंग लागत नाही म्हणते." अर्धवट ऐकलेलं. सूट आहे ती चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन, अशी दोन्ही मिळून. याचं इंजिन शंभराचं. जुगाडाचा मामला सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाच होता, राजस्थानातून. २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं, जुगाड हेही मोटार वाहनच, त्याला सगळे नियम लागू. नोंदणी नाही तर विमा नाही, आणि विमा नाही तर कुणाच्या जिवाची भरपाई तुझ्या वावरातून जाणार.

तरी मी कलमांनी सुरुवात करत नाही. मी म्हणतो, आधी ब्रेक दाखव. मोटारसायकलचा ड्रम दोन माणसांसाठी केलेला. साठ किलोचे सहा कट्टे म्हणजे ३६० किलो, शिवाय पाटीचं लोखंड. उतारावर लायनर तापतं आणि पाय दाबत राहतो, गाडी जात राहते. माझ्या हातून हे एकदा झालंय. पाण्याच्या इंजिनावर गाडा करून दिला होता. नाल्याच्या उतारावर तो थांबला नाही. चालवणाऱ्याची हासळी मोडली. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही, तेच जास्त लागलं. गाडी पळवणं कोणत्याही वेल्डरला जमतं.

तीन. दिवसाचं आवडतं काम. एका पायाने अधू असलेले मास्तर स्कूटर घेऊन आलेत, साइड व्हील बसवायला. महिन्यापूर्वी आले तेव्हा मी परत पाठवलं होतं: आधी वाशिमला आरटीओची परवानगी घ्या, मग मी हात लावतो. इथे कायद्याने दार ठेवलंय. २०१९ च्या दुरुस्तीपासून दिव्यांगांसाठी बदल केलेली गाडी 'अनुकूलित वाहन' म्हणून नोंदवता येते. आज कागद आहे.

बरेच जण दोन चाकं सरळ एका अँगलवर घट्ट वेल्ड करतात. सपाट सिमेंटवर ते झकास दिसतं. पण मागचं मधलं चाक खड्ड्यावर आलं, की बाजूची दोन चाकं गाडी उचलून धरतात आणि मधलं अधांतरी फिरतं. ब्रेक त्याच चाकाला असतो. म्हणून प्रत्येक बाजूला वेगळा आर्म आणि वेगळा शॉकअप. मी एका चाकाखाली वीट सरकवतो, मास्तरांना बसवतो, मधल्या चाकाखालून कागद ओढून बघतो. निघत नाही. हा आमचा अंतरिक्ष देव नाही, इथे कागद अडकलेलाच बरा.

"हे मले कोणी सांगतलं नव्हतं," मास्तर म्हणतात.

साडेपाच. बॅटरीची सायकल. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत, बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या आत असेल तर ती मोटार वाहन धरत नाहीत. ब्रेक आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. आणलेल्या मोटरवर १००० लिहिलंय. परत.

सात वाजता सकाळचा पोरगा पुन्हा, या वेळी बापाची बंडी घेऊन. आख वाकलाय. जीपचा विषय तो काढत नाही, मीही नाही. आख सरळ करतो, मागच्या फळीला लाल पट्टीचे दोन तुकडे चिकटवतो. मग त्याला मोबाइलची बॅटरी लावून रस्त्याच्या पलीकडे जायला सांगतो.

"दिसते का?"

"लालभडक दिसते!"

"मंग ने."