आधी झोप जाते की आधी मन खचतं?

डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांची झोप उडते, यात नवल कसलं? पण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ते नोंदवून ठेवलं. १९४८ ते १९६४ या काळात तिथे शिकून बाहेर पडलेल्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना झोपेविषयी विचारलं होतं. पुढे कित्येक दशकं त्यांच्या तब्येतीचा माग घेतला गेला. विद्यार्थी असताना ज्यांना निद्रानाश होता, त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या दुप्पट निघाला. हे सगळे पुरुष होते आणि डॉक्टर होते, हे खरं. पण नंतरच्या बऱ्याच अभ्यासांतही साधारण हेच दिसलं.

'मन ठिकाणावर नाही म्हणून झोप नाही, ते सावरलं की झोप आपोआप येईल,' असं डॉक्टरही वर्षानुवर्षं मानत आले. नैराश्यात झोप बिघडते हे खोटं नाही. पहाटे तीन-चारला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही आणि सकाळच सगळ्यात जड जाते. काहींचं उलट होतं. दहा-बारा तास झोपूनही अंग उचलत नाही. स्वप्नं पडतात ती झोप एरवी सुमारे दीड तासाने येते, नैराश्यात ती बरीच आधी येऊ शकते.

गंमत म्हणजे, नैराश्याच्या रुग्णाला एक रात्र पूर्ण जागं ठेवलं, तर जवळजवळ निम्म्या जणांना दुसऱ्या दिवशी चक्क बरं वाटतं. झोप झाली की बहुतेकांचं मन पुन्हा खाली येतं. (हा घरी करायचा प्रयोग नव्हे. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्यांना तो महागात पडू शकतो.)

म्हणजे मनामुळे झोप बदलते, तशी झोपेमुळे मनही बदलतं. मग झोपेवरच इलाज केला तर? लॉस एंजेलिसमध्ये साठीपुढच्या २९१ जणांवर हे करून पाहिलं. सगळ्यांना निद्रानाश होता, नैराश्य नव्हतं. निम्म्यांना झोपेविषयी नुसती माहिती दिली, निम्म्यांना दोन महिने वर्तनोपचार. तीन वर्षांत माहितीच्या गटात सुमारे २६ टक्के लोकांना नैराश्य आलं, उपचारांच्या गटात १२ टक्क्यांना.

या उपचारांत गोळी नाही. उठायची वेळ रोज एकच. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचं, नाही लागली तर उठून बसायचं. अंथरुणातला वेळ वाढवायचा नाही, उलट सुरुवातीला कमीच करायचा. 'आज झोप नाही झाली तर उद्याचा दिवस गेलाच' हा धसकाही काढायचा. २०१६पासून अमेरिकी फिजिशियनांची संघटना जुनाट निद्रानाशावर हाच पहिला उपाय सांगते. आपल्याकडे मात्र शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी आधी हाती येते.

महिनोन्महिने झोप लागत नसेल, तर 'वयच झालंय', 'टेन्शन आहे' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना झोपेबरोबर मनाचंही सांगा. जगणंच नकोसं वाटत असेल, तर वाट पाहू नका. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.