ऊर्जा-अभियांत्रिकीचे ऑनलाइन शिक्षण आणि गिरीजची विहीर

ऊर्जा-अभियांत्रिकीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा विचार करताना ऊर्जेचे गणित शिकणे आणि ऊर्जा मोजावयास शिकणे यांत भेद करणे अवश्य आहे. पहिल्या बाबतीत या माध्यमाने मोठे कार्य केले आहे. २००३ साली सुरू झालेल्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमामुळे आयआयटींतील व्याख्याने सर्वांस विनामूल्य खुली झाली. पवईच्या आयआयटीत असताना प्रा. रंगन बॅनर्जी यांनी सिद्ध केलेला ऊर्जासंसाधने, अर्थशास्त्र व पर्यावरण यांवरील अभ्यासक्रम वसईजवळील गिरीजचा विद्यार्थी आता घरबसल्या ऐकू शकतो. लोकलची गर्दी ज्याने सोसली आहे, तो या सोयीस क्षुल्लक म्हणणार नाही.

दुसरी बाब मात्र व्याख्यानाने साधत नाही. वसईच्या वाड्यांत पूर्वी रहाटाने पाणी काढीत. पुढे विजेचे पंप आले. अशा एका विहिरीवर पाण्याच्या पातळीपासून सहा मीटर उंचीवर पाणी पडते, दोनशे लिटरचे पिंप चाळीस सेकंदांत भरते आणि अर्ध्या तासात मीटर अर्धा युनिट पुढे जातो, असे मानू. पाच लिटर पाणी दर सेकंदास सहा मीटर चढविण्यास सुमारे २९४ वॅट पुरतात; खर्च होतात १,००० वॅट. म्हणजे कार्यक्षमता २९ टक्के. हा भागाकार शाळकरी मुलासही येईल. परंतु बाकीची शक्ती मोटारीत, पंपात की गंजलेल्या नळात गेली, हे विहिरीच्या काठावर उभे राहूनच शोधावे लागते. शिवाय पंप सुधारला म्हणून उपसा अधिक झाला, तर किनारपट्टीच्या भूजलात समुद्राचे पाणी शिरते व वाडीचे नुकसानच होते. ही गोष्ट कार्यक्षमतेच्या सूत्रात कोठेच दिसत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी अभियांत्रिकीची संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्यास मनाई केली, ती या दृष्टीने सयुक्तिकच होय. २०२१ च्या विनियमांनी मात्र एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे पुरे करण्याची मुभा दिली. ‘एनपीटीईएल’च्या प्रमाणपत्रासाठी सामान्यतः स्वाध्यायांस २५ व प्रत्यक्ष केंद्रावरील परीक्षेस ७५ असे गुण असतात, मापनास त्यांत स्वतंत्र स्थान नाही. ते स्थान महाविद्यालयानेच द्यावयास हवे: व्याख्याने पवईची असोत, विहीर गिरीजची असावी, आणि तिच्या नोंदवहीवर सही करणारा अध्यापक ती विहीर पाहून आलेला असावा.