फायबर तुटलं तर? फायरवॉलला सिम जोडूया

रस्ता खोदला, फायबर तुटलं, की दुकानातलं ऑनलाइन बिलिंग ठप्प. म्हणून मी फायरवॉलला फोर-जी मोडेम जोडून ठेवतो. आज ओपनडब्ल्यूआरटीवर ते कसं करायचं, बघूया.

नवीन इंटरफेस बनवा. प्रोटोकॉल क्यूएमआय, मग एपीएन. जिओचं सिम असेल तर ‘जिओनेट’, इंग्रजी लहान अक्षरांत. सिमला पिन असेल तर तोही टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा इंटरफेस ‘वॅन’ झोनमध्येच टाका. चुकून ‘लॅन’मध्ये गेला, तर बाहेरच्यांना दार सताड उघडं. आयपीव्ही६ला तर नॅटचा आडोसाही नसतो.

मग मेट्रिक: फायबरला १०, सिमला २०. लहान आकड्याला पहिला मान. पण वायर तुमच्या दारापर्यंत शाबूत आणि पुढे चौकात तुटली असेल, तर नुसत्या मेट्रिकला ते कळत नाही. त्यासाठी एमवॅन३ पॅकेज लावा. ते ठरावीक वेळाने, समजा ८.८.८.८ला, पिंग करत राहतं; उत्तर आलं नाही की ट्रॅफिक सिमवर.

सगळं झालं की फायबरची वायर स्वतःच उपसून बघा. बिल निघालं? मग जमलं!