अंजनेरीचे नाणे संग्रहालय

अंजनेरीचे नाणे संग्रहालय हे नाशिक जिल्ह्यात, नाशिक–त्र्यंबकेश्वर मार्गालगत अंजनेरी डोंगराच्या पायथ्याशी असलेले नाणकशास्त्रविषयक संग्रहालय आहे. १९८० साली स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्युमिस्मॅटिक स्टडीज या संशोधन संस्थेशी ते संलग्न आहे. नाणकशास्त्रज्ञ परमेश्वरीलाल गुप्त हे संस्थेचे संस्थापक-संचालक होते. नाणे हा इतिहासाचा पुरावा कसा ठरतो, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वस्तूंच्या आधारे शिकता येते, हे या संग्रहालयाचे शैक्षणिक महत्त्व होय.

संग्रह

मूळ नाणी, प्रतिकृती, छायाचित्रे व माहितीफलक यांच्या साहाय्याने भारतीय चलनाचा विकास येथे मांडला आहे. साचे, ठसे व त्रिमित देखावे यांतून नाणी घडवण्याच्या पद्धती दाखवल्या आहेत. प्राचीन भारतात धातूच्या तुकड्यावर वेगवेगळी चिन्हे ठोकून ‘आहत’ नाणी, साच्यात धातू ओतून ‘ओतीव’ नाणी, तर दोन ठशांमध्ये चकती ठेवून वरून हातोडा मारून ‘ठसांकित’ नाणी तयार करीत.

हाताळून शिकण्याची पद्धत

मूळ नाणी वारंवार हाताळल्यास झिजतात आणि हाताच्या घामाने त्यांच्या धातूवर परिणाम होतो. त्यामुळे विद्यार्थ्यांसाठी प्रतिकृती उपयोगी पडतात. प्रतिकृतीवर कागद ठेवून पेन्सिल घासणे, वजन व व्यास मोजणे, अक्षरे ओळखणे, ओल्या मातीवर ठसा उमटवणे हे या शिक्षणातील सोपे प्रयोग होत. ठसा स्वतः कोरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला अक्षरे उलटी का कोरावी लागतात, हे लगेच कळते. ठसा किंचित सरकला की नाण्यावरील राजाचे नाव अर्धेच का उमटते, याचेही उत्तर त्याला मिळते. कारागिरी आणि इतिहास यांचा अभ्यास अशा रीतीने एकत्र होतो.

परिसरातील पुरावे

या अभ्यासाला नाशिकचा परिसर विशेष अनुकूल आहे. १९०६ साली जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे १३,२५० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षत्रप नहपान याची होती. मात्र त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. अशा अनेक नाण्यांवर नव्या चिन्हांखाली नहपानाच्या मुद्रेचे अवशेष दिसतात. एका राजाचा दुसऱ्यावरील विजय या नाण्यांतून थेट वाचता येतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील (पांडवलेणी) क्रमांक ३ च्या लेण्यातील शिलालेख त्याला दुजोरा देतो.

क्रमांक १० च्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या देणगीची नोंद आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १, तर १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, ही लेखातील तरतूद त्या रकमेशी तंतोतंत जुळते. शाळकरी विद्यार्थीही हा हिशेब पडताळून पाहू शकतो.

चलनाशी असलेला नाशिकचा संबंध आधुनिक काळातही टिकून आहे. नाशिकरोड येथील सरकारी मुद्रणालयात १९२८ साली चलनी नोटांची छपाई सुरू झाली.

शैक्षणिक महत्त्व

नाणे कोठे, किती खोलीवर, कोणत्या भांड्यात व कोणत्या नाण्यांसोबत सापडले, ही माहिती नाण्याइतकीच मोलाची असते. शेत नांगरताना वा पाया खोदताना मिळालेला साठा वितळवला अथवा वाटून घेतला, तर त्यातील इतिहास कायमचा नष्ट होतो. जोगलथेंबीचा साठा तसा गेला असता, तर हजारो पुनर्मुद्रित नाण्यांची साक्ष उरली नसती. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार १० रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा भूमिगत निधी सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. कायद्याचे हे कलम पाठ करण्यापेक्षा नाणे वाचायला शिकलेला विद्यार्थी अशा साठ्याचे मोल अधिक जाणतो. म्हणूनच ग्रामीण भागाला लागून असलेल्या या संग्रहालयाचे कार्य वारसा-संरक्षणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.