खिडकी, ऊन आणि कामगाराची झोप

चाकणच्या कारखान्यातून रातपाळी करून कामगार सकाळी मोशीला किंवा चिखलीला घरी येतो, चार घास खाऊन आडवा होतो, आणि एप्रिल महिना असला तर दुपारी तीनच्या सुमारास घामाने डबडबून उठून बसतो. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन त्याच्या गादीवर आलेले असते. रात्री त्याला पुन्हा प्रेसवर उभे राहावयाचे असते. यंत्रात बोट गेले तर चौकशी बसते; मोडलेल्या झोपेची चौकशी कोणी करीत नाही. तेव्हा युनियनच्या माणसाने खिडकीवर बोलावे, ह्यात आम्हांस काही वावगे वाटत नाही. ह्या विषयाचे शिक्षण आम्ही कोणत्या कॉलेजात घेतलेले नाही. खिडक्या बनविणाऱ्या कारागिरांजवळ बसून आणि सरकारी पुस्तिका वाचून जे उमगले, ते सांगतो.

आज आपल्या भागातल्या बहुतेक नव्या इमारतींना अ‍ॅल्युमिनिअमच्या खिडक्या असतात. धातू हलका, गंजत नाही, आणि तापवून साच्यातून दाबला की हव्या त्या आकाराचा ‘सेक्शन’ निघतो. ह्या धातूची माती आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरीकडे निघते आणि बेळगावच्या कारखान्यात शुद्ध होते. मात्र त्या शुद्ध भुकटीपासून एक किलो धातू काढण्यास १३ ते १५ युनिट वीज लागते. जुनी खिडकी वितळवून तोच धातू घेतला तर त्याच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून भंगारवाल्यास आम्ही कमी लेखीत नाही.

ह्या धातूचा दोष असा, की तो लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतो. त्यावर उपाय निघाला आहे. चौकटीचा बाहेरचा व आतला भाग वेगळा करून मध्ये पॉलिअमाइडची, म्हणजे एका चिवट प्लॅस्टिकची पट्टी बसवितात. ह्यास ‘थर्मल ब्रेक’ म्हणतात. जाहिरातीत ह्याचा आणि दुहेरी काचेचा मोठा गाजावाजा असतो. तो आपल्या हवेत कितपत खरा, हे हिशेबाने पाहू.

समजा, बाहेर ३८ अंश आणि आत यंत्राने राखलेले २८ अंश तापमान आहे. साध्या एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून ह्या फरकामुळे सुमारे ५७ वॅट उष्णता आत येते. दुहेरी काच लावली तर २८. वाचले २९ वॅट. आता त्याच काचेवर पश्चिमेचे ५०० वॅट ऊन पडले, तर साधी काच त्यातले ४०० वॅट आत सोडते! म्हणजे खरा शत्रू हवेतली ऊब नव्हे, तर थेट ऊन. ते काचेच्या बाहेरच अडविले पाहिजे. आतला पडदा अंधार करतो, पण तोवर ऊन घरात शिरलेले असते. दक्षिणेचे ऊन डोक्यावरून येते, त्यास छज्जा पुरतो. पश्चिमेचे तिरपे येते, त्यास उभी आडफळी, बाहेरची चीक किंवा ऊन परतविणारी काच लागते. थंड मुलुखात हिवाळ्यात घरची ऊब राखणे हा मुख्य प्रश्न. तिकडचा माल जसाच्या तसा इकडे लावून आपला प्रश्न सुटत नाही.

आपल्या नियमकर्त्यांनीही हे ओळखले आहे. २०१८ साली केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने राहत्या घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. थंड प्रदेश सोडून अन्यत्र, भिंती व खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेचा सरासरी आकडा दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाता कामा नये, असे ती सांगते. आणि तिच्या सूत्रात काचेतून शिरणाऱ्या उन्हास सर्वांत अधिक वजन आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत मोठ्या राहत्या इमारतीही आल्या.

ह्याच संहितेतली दुसरी अट आम्हांस अधिक मोलाची वाटते. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत खिडक्यांचा उघडणारा भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सहाव्या हिश्श्याइतका असावा, सौम्य हवेत आठव्या. येथे मेख आहे. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही रुंद केली तरी निम्मीच उघडते; तीन ट्रॅकची दोन तृतीयांश; बिजागरीची जवळजवळ सगळी, संहितेच्या हिशेबी ९० टक्के. आपल्याकडे सरकतीचाच प्रघात, कारण ती स्वस्त आणि जागा अडवीत नाही. ज्याला रात्रंदिवस थंड हवेचे यंत्र परवडते त्याचे ठीक. बाकीच्यांची भिस्त वाऱ्यावर आहे. बिल्डर खिडकीत वाचवितो एकदा, राहणारा भरतो दरमहा, वर कर्जाचा हप्ता निराळा. म्हणून घर नोंदविताना फरशीचा रंग विचारण्याआधी निजावयाची खोली कोणत्या दिशेस आहे, खिडकी किती उघडते आणि बाहेरून सावली कशाची, हे विचारावे.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत पश्चिमेकडच्या बिऱ्हाडांनी गेल्या उन्हाळ्यात खिडक्यांबाहेर बांबूच्या चिका सोडल्या. त्यांतली चार माणसे रातपाळीची. दर्शनी बाजू विद्रूप दिसते म्हणून सभेत हरकत आली. दोन सभा झाल्या. चिका अजून लोंबत आहेत, आणि तिसऱ्या सभेची नोटीस जिन्यात लागली आहे.