खेळाच्या संगणकाचा प्रोसेसर केव्हा बदलावा?

बेंगळुरूच्या जुन्या पेठेत, टाउन हॉलपासून जवळच, सदर पत्रप्पा रस्ता नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. शहरात तो ‘एस. पी. रोड’ याच नावाने ओळखला जातो. विजेच्या उपकरणांची आणि संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने येथे दाटीवाटीने उभी आहेत. महिनोन्‌महिने साठवलेले पैसे खिशात घेऊन एखादा विद्यार्थी या रस्त्यावर येतो, तेव्हा त्याची तक्रार बहुधा एकच असते : घरच्या संगणकावर नवे खेळ अडखळत चालतात. त्याची मागणीही ठरलेली असते : अधिक वेगवान प्रोसेसर हवा.

ही मागणी स्वाभाविक असली, तरी तिच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे. दोष प्रोसेसरचाच आहे, हे कशावरून ठरले? दुकानदार मागितलेली वस्तू देतो. रोगाचे निदान ग्राहकालाच करावे लागते. ते चुकले, तर साठवलेले पैसे जातात आणि खेळ पूर्वीइतकाच अडखळत राहतो.

एका चित्रामागील दोन कारागीर

पडद्यावर दिसणारी हालचाल ही वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका होय. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची असतील, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ दाखवावयाची असतील, तर ७ मिलिसेकंदांहूनही कमी. एवढ्या अवधीत दोन निराळी कामे उरकावी लागतात. खेळाडूने कोणती कळ दाबली, प्रतिस्पर्धी कोठे पोहोचला, भिंतीवर आदळलेला चेंडू कोणत्या दिशेला उसळेल, याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि दृश्यात काय काय रेखाटावयाचे त्याची यादी ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतो. त्या यादीवरून पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ठरवणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. कार्ड एक चित्र रंगवीत असताना प्रोसेसर पुढच्या चित्राच्या तयारीला लागलेला असतो.

पंगतीसाठी पोळ्या करताना एक जण लाटतो आणि दुसरा भाजतो, तसाच हा प्रकार आहे. पोळी लाटावयास अर्धा मिनिट आणि भाजावयास एक मिनिट लागत असेल, तर पंगतीला मिनिटाला एकच पोळी मिळेल. अशा वेळी लाटणारा कितीही चपळ आणला, तरी कच्च्या पोळ्यांचा ढीग तेवढा वाढेल; पानात पडणारी पोळी लवकर येणार नाही. संगणकातही एकंदर गती ठरवतो तो संथ कारागीर. प्रोसेसर बदलून लाभ होईल की नाही, हे त्या वेळी संथ कोण आहे यावर अवलंबून असते.

निदानाची सोपी कसोटी

हा संथ कारागीर ओळखण्यासाठी काही खर्च करावा लागत नाही. पडद्यावर १९२० × १०८० बिंदू असतील, तर ग्राफिक्स कार्डाला दर चित्रात २०,७३,६०० बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. खेळाच्या मांडणीत जाऊन हे प्रमाण १२८० × ७२० केले, तर बिंदूंची संख्या ९,२१,६०० म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. कार्डाचे ओझे उतरते. प्रोसेसरचे मात्र जवळजवळ तेवढेच राहते, कारण पडदा लहान झाला म्हणून प्रतिस्पर्धी कमी होत नाहीत की चेंडूचे नियम बदलत नाहीत.

समजा, खेळातील एकाच प्रसंगी पहिल्या मांडणीत सेकंदाला ४५ आणि दुसरीत ८८ चित्रे मिळाली. येथे ग्राफिक्स कार्डच अपुरे पडत होते आणि नव्या प्रोसेसरवरील खर्च व्यर्थ गेला असता. उलट ५२ चित्रांची जेमतेम ५४ झाली, तर कार्ड मोकळे असून प्रोसेसरची वाट पाहत आहे, असा निष्कर्ष निघतो. ही चाचणी करण्यापूर्वी पडद्याच्या गतीशी चित्रांची संख्या बांधून ठेवणारी सोय बंद करावी. एरवी दोन्ही वेळा एकच आकडा येऊन फसगत होते.

आणखी दोन गोष्टी तपासणे इष्ट. पंख्यावर धूळ साचल्यास प्रोसेसर तापतो आणि स्वतःला जपण्यासाठी आपण होऊनच गती कमी करतो. तसेच मेमरीची एकच पट्टी बसवलेली असेल, तर मेमरीकडे जाणाऱ्या दोन मार्गांपैकी एकच वापरात येतो. धूळ झाडून किंवा पट्टीला जोड देऊन भागत असेल, तर प्रोसेसर बदलण्याचे कारण उरत नाही.

वेग म्हणजे केवळ गिगाहर्ट्‌झ नव्हे

प्रोसेसरच बदलावयाचा असे ठरल्यावर प्रश्न येतो तो निवडीचा. वेष्टनावरील गिगाहर्ट्‌झचा आकडा प्रथम नजरेत भरतो. ४ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला चार अब्ज ठोके. परंतु एका ठोक्यात किती काम होते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आणि पुष्कळसे ठोके तर नुसते वाट पाहण्यात जातात.

ग्रंथालयात बसलेल्या अभ्यासकाचे उदाहरण घ्यावे. हवा तो ग्रंथ मेजावर असेल, तर वाचन अखंड चालते. तो तळघराच्या कोठारातून मागवावा लागला, तर अभ्यासक कितीही तल्लख असला तरी हात बांधून बसून राहतो. प्रोसेसरचे मेज म्हणजे त्याच्या अंगचीच छोटी, अतिवेगवान मेमरी. तिला कॅश म्हणतात. संगणकाच्या मुख्य मेमरीतून एखादी गोष्ट आणावयाची, तर प्रोसेसरचे काहीशे ठोके वाया जातात.

एएमडी या कंपनीच्या दोन प्रोसेसरांची तुलना या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २०२० साली आलेल्या रायझन ५८००एक्सची कमाल गती ४.७ गिगाहर्ट्‌झ आणि सामाईक कॅश ३२ मेगाबाइट होती. २०२२ साली आलेल्या ५८००एक्स-थ्रीडीची गती कमी, म्हणजे ४.५ गिगाहर्ट्‌झ होती. परंतु मूळ चिपवर मेमरीचा आणखी एक थर चढवून त्याची कॅश ९६ मेगाबाइट केलेली होती. आकड्याने मागे असलेला हा प्रोसेसर पुष्कळशा खेळांत पहिल्याच्या पुढे गेला. कोठाराकडे कमी खेपा घालाव्या लागल्या, एवढेच त्यातले रहस्य.

गाभे किती असावेत?

आजच्या प्रोसेसरात हिशेब करणारे अनेक गाभे असतात. गाभे दुप्पट केले म्हणजे गती दुप्पट होईल, ही समजूत मात्र बरोबर नाही. अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली यामागील मर्यादा दाखवून दिली. एखाद्या कामाचा ४० टक्के भाग वाटून देता येण्याजोगा नसेल, तर आठ गाभ्यांनी गती सुमारे २.१ पट होते, सोळा गाभ्यांनी सुमारे २.३ पट, आणि गाभे अगणित वाढवले तरी ती २.५ पटीच्या पुढे जात नाही. खेळातील घटना एकीतून दुसरी अशा उद्‌भवतात. चेंडू लागला की नाही हे ठरल्यावाचून गुण देता येत नाहीत. त्यामुळे खेळांत कामाचा असा अविभाज्य भाग पुष्कळ असतो.

जेथे अनेक लोकांची स्वतंत्र कामे एकाच वेळी चालतात, तेथे गोष्ट निराळी. सप्टेंबर २००८ मध्ये इंटेलने सर्व्हरसाठी सहा गाभ्यांचा झिऑन ७४०० हा प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा आराखडा बेंगळुरूच्या अभियंत्यांनी तयार केला होता. त्यातील सहा गाभे सर्व्हरच्या कामाला साजेसे होते. गाभ्यांची योग्य संख्या कामाच्या स्वरूपावरून ठरते, हे येथे दिसून येते.

जुन्या मदरबोर्डाशी मेळ

उत्तम प्रोसेसरही जुन्या मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये बसला पाहिजे. एएमडीचे एएम-४ सॉकेट २०१७ सालच्या रायझन प्रोसेसरांसाठी वापरले गेले आणि पुढेही अनेक वर्षे टिकले. २०२२ सालच्या एएम-५ साठी मात्र नवा मदरबोर्ड आणि डीडीआर-५ जातीची मेमरीही लागते. म्हणजे एका खरेदीच्या तीन खरेद्या होतात.

समजा, विद्यार्थ्याच्या घरी २०१७ सालचा रायझन ५-१६०० आहे आणि कसोटीत तोच संथ ठरला आहे. २०२२ सालच्या रायझन ५-५६०० मध्येही गाभे सहाच आणि विजेच्या वापराची नेमलेली मर्यादा ६५ वॉटच आहे. परंतु जुन्यात तीन-तीन गाभ्यांचे दोन गट असून प्रत्येक गटाला ८ मेगाबाइट कॅश होती; नव्यात सहाही गाभे ३२ मेगाबाइटचे एकच मेज वापरतात. कमाल गती ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्‌झ झाली आणि दर ठोक्यातील कामही वाढले. मदरबोर्ड तोच ठेवून हा बदल करणे शक्य असते.

शक्य असते, पण आपोआप घडत नाही. संगणक सुरू होताच प्रथम चालणाऱ्या आज्ञावलीला बायोस म्हणतात. नव्या प्रोसेसरची ओळख असलेली बायोसची आवृत्ती उत्पादकाने त्या मदरबोर्डासाठी काढली आहे काय, हे प्रथम पाहावे. असल्यास जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, वीज जाण्याची शक्यता नसेल अशा वेळी, ती भरावी. काम अर्धवट राहिल्यास मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. आधीच प्रोसेसर बदलला, तर पडदा काळाच राहतो आणि निर्दोष वस्तू सदोष समजून परत नेण्याची पाळी येते. एएम-४ प्रोसेसरच्या तळाशी १३३१ नाजूक पिना असतात, हेही हाताळताना विसरू नये.

तेव्हा एस. पी. रोडवर जाण्यापूर्वी एक संध्याकाळ कसोटीला द्यावी आणि मिळालेले आकडे कागदावर मांडावेत. कदाचित ग्राफिक्स कार्डच बदलावयास हवे, असे आढळेल. कदाचित मेमरीच्या एका पट्टीने काम भागेल. कदाचित चित्रे पुरेशी मिळत असून पडदाच सेकंदाला ६० हून अधिक दाखवू शकत नाही, असे निघेल. आणि प्रोसेसरच हवा असे ठरलेच, तर दुकानाची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्याला कोणता प्रोसेसर आणि कशासाठी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ठाऊक असतील. साठवलेला पैसा थोडा असला, म्हणजे मोजमापाचे मोल अधिकच वाढते.