पडद्यावरचे मैदान – लेखांक ५ : पास आणि ड्रिब्लिंग

फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये चेंडू पुढे न्यायचे दोनच मार्ग असतात. तो सहकाऱ्याकडे देणे म्हणजे पास, आणि तो पायाशी ठेवून स्वतः पळणे म्हणजे ड्रिब्लिंग. पासमुळे चेंडू झपाट्याने सरकतो, कारण कोणताही बचावपटू चेंडूइतका पळू शकत नाही. ड्रिब्लिंगमुळे बचावपटू आपली जागा सोडतो. नवखे खेळाडू या दोहोंची बटणे वेगवेगळी पाठ करतात. पण खेळ सुधारतो तो दोन्ही एकमेकांना जोडल्यावर. ड्रिब्लिंगने बचावपटूला ओढून घ्यायचे आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत पास द्यायचा, हे या लेखांकाचे मुख्य सूत्र आहे.

पासचे प्रकार

‘ईए स्पोर्ट्‌स एफसी’ (२०२३ पूर्वीची ‘फिफा’ मालिका) आणि कोनामीचा ‘ईफुटबॉल’ या दोन्ही गेममध्ये पासचे मूळ प्रकार सारखेच आहेत. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर ‘ईए एफसी’त एक्स बटणाने जमिनीवरचा साधा पास जातो. ट्रायँगलने थ्रू पास जातो. तो सहकाऱ्याच्या पायात न पडता त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत पडतो. स्क्वेअरने उंच पास किंवा क्रॉस जातो. आर-वन दाबून एक्स दिल्यास पास जोरात आणि सपाट जातो. दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेसाठी तो उपयोगी पडतो, मात्र घेणाऱ्याला आवरायला अवघड जातो. एल-वन आणि एक्स एकत्र दाबल्यास पास देणारा खेळाडू पास देताच पुढे धावतो, आणि त्याला परत चेंडू देऊन बचावपटूला मागे टाकता येते.

यांपैकी साध्या पासचाच वापर सर्वांत जास्त होतो आणि व्हायलाही हवा. थ्रू पास मोहक असला तरी पुढे धावणारा खेळाडू आणि त्याच्यासमोर मोकळी जागा या दोन्ही गोष्टी दिसत असतील तेव्हाच तो द्यावा. सहकारी उभा असताना दिलेला थ्रू पास बहुतेक वेळा थेट बचावपटूच्या पायात जातो.

दिशा, जोर आणि अंगाचा रोख

पास चुकण्याची कारणे मुख्यतः तीन. पहिले दिशेचे. पास देताना डावी स्टिक नेमकी सहकाऱ्याकडे रोखलेली हवी. गेममध्ये पासला किती मदत मिळावी हे सेटिंगमध्ये ठरवता येते. पूर्ण मदतीत गेम स्टिकच्या दिशेतला सहकारी स्वतःच निवडतो. मॅन्युअलमध्ये स्टिक जिकडे तिकडेच चेंडू जातो. सुरुवात मदतीसह करावी, पण दिशा मात्र मॅन्युअलइतकीच काटेकोर ठेवावी.

दुसरे कारण जोराचे. बटण जितका वेळ दाबून ठेवावे तितका पॉवर बार भरतो. मदत चालू असताना या जोरावरून गेम जवळचा सहकारी निवडायचा की लांबचा, हेही ठरवतो. जवळच्या पासला बटणाचा हलका स्पर्श पुरतो.

तिसरे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: खेळाडूच्या अंगाचा रोख. डावीकडे तोंड करून धावणाऱ्या खेळाडूला पाठीमागच्या सहकाऱ्याकडे एका स्पर्शात पास द्यायला लावले, तर तो पास हळू आणि वाकडा जातो. त्यात चेंडू कमकुवत पायावर असला, तर चूक आणखी वाढते. ‘ईए एफसी’त प्रत्येक खेळाडूच्या कमकुवत पायाला एक ते पाच तारे दिलेले असतात. अशा वेळी आधी स्टिकने खेळाडूला वळवावे, एक स्पर्श घेऊ द्यावा, मग पास द्यावा. हा अर्धा क्षण वाया जात नाही. त्यामुळे चेंडू हातचा जाण्याची शक्यता कमी होते.

चेंडू येण्याआधी

चांगला पास हा चेंडू मिळण्याआधीच ठरलेला असतो. चेंडू वाटेत असतानाच नजर पडद्याच्या तळाशी असलेल्या रडारवर फिरवावी: कोण मोकळा आहे, दाब कोणत्या बाजूने येतो आहे. चेंडू पोहोचत असताना डावी स्टिक दाबाच्या उलट दिशेला वळवली की पहिला स्पर्शच प्रतिस्पर्ध्यापासून दूर जातो. येणारा चेंडू पायाला चिकटून थांबेलच असे नाही, हा बदल ‘फिफा १३’मध्ये ठळकपणे आला, तेव्हापासून पहिल्या स्पर्शाचे महत्त्व वाढले.

चेंडू पोहोचण्याआधीच पासचे बटण दाबले, तर गेम ती आज्ञा राखून ठेवतो आणि खेळाडू एका स्पर्शात पास देतो. वेगवान खेळासाठी हे उत्तम. पण तेवढ्यात परिस्थिती बदलली तर तीच आज्ञा अंगाशी येते. ‘ईए एफसी’त आर-वन आणि आर-टू एकत्र दाबून अशी आज्ञा रद्द करता येते.

ड्रिब्लिंग

ड्रिब्लिंगचा पाया डाव्या स्टिकवर आहे. स्प्रिंटचे बटण दाबलेले असताना खेळाडूचे स्पर्श लांब पडतात, चेंडू पायापासून सुटतो आणि वळायला वेळ लागतो. स्प्रिंट सोडताच स्पर्श आखूड होतात आणि चेंडू पायाशी राहतो. म्हणून समोर मोकळे मैदान असेल तिथे स्प्रिंट, आणि बचावपटू दोन पावलांवर आला की स्प्रिंट सोडणे, हा नियम अंगवळणी पाडावा. सतत स्प्रिंट दाबून धरणे ही नवख्यांची सर्वांत महागडी सवय आहे.

बचावपटूला चकवतो तो वेगातला बदल. सावकाश चालणारा खेळाडू अचानक तिरका पळाला, तर बचावपटूला वळेपर्यंत उशीर होतो. एल-टू दाबल्यास खेळाडू अंग आड घालून चेंडू राखतो. सहकारी पुढे येईपर्यंत थांबायला ते कामी येते.

उजव्या स्टिकवरच्या स्किल मूव्ह यानंतर येतात. ‘ईए एफसी’त प्रत्येक खेळाडूला त्यासाठीही एक ते पाच तारे असतात आणि अवघड मूव्ह जास्त तारे असलेल्यांनाच जमतात. आरंभी दोनच पुरेत: उजवी स्टिक बाजूला धरून तळव्याने चेंडू सरकवणे, आणि शॉटचे बटण दाबून लगेच एक्स देत शॉटची हुलकावणी. या दोन्ही नेमक्या वेळी आल्या की सामन्यातले बहुतेक प्रसंग निभावतात.

खेळाडू निवडताना आकड्यांकडेही पाहावे. पासच्या गुणांत दृष्टी, आखूड पास, लांब पास, क्रॉस, चेंडूचे वळण या बाबी येतात. ड्रिब्लिंगच्या गुणांत चपळाई, तोल, प्रतिसाद, चेंडूवरचा ताबा आणि शांतपणा. तोल कमी असलेल्या धिप्पाड आघाडीवीराकडून गर्दीत ड्रिब्लिंग करवणे म्हणजे चेंडू बहाल करणे.

मुंबई सिटीचा धडा

इंडियन सुपर लीगचे संघ ‘फिफा २२’मध्ये आले आणि मुंबई सिटी एफसीची जर्सी घालून खेळण्याची सोय झाली. या संघाच्या खऱ्या सामन्यांतून गेममधले डावपेच शिकता येतात. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून लीगचे विजेतेपद मिळवले. निर्णायक गोल ९० व्या मिनिटाचा. बार्थोलोम्यू ओगबेचेने गोलरक्षकाकडून चेंडू हिसकावला आणि मोकळ्या बिपिन सिंगकडे दिला. बिपिनने तो जाळ्यात धाडला. गेममध्ये अशा ठिकाणी बहुतेकांचे बोट शॉटच्या बटणावर जाते. गोलजवळ अधिक मोकळा सहकारी असेल तर एक्स दाबणे हा पक्का निर्णय असतो.

ड्रिब्लिंगसाठी याच संघाकडून खेळलेला लालियानझुआला छांगटे पाहावा. तो डाव्या पायाचा, पण उजव्या बगलेवरून खेळतो. त्यामुळे आत वळला की चेंडू त्याच्या बळकट पायावर येतो आणि शॉट व पास दोन्ही खुले राहतात. गेममध्ये ही चाल अशी बांधावी: उजव्या बगलेवर स्प्रिंट करत जावे, बचावपटू जवळ येताच स्प्रिंट सोडावे, स्टिक आत वळवून एक आखूड स्पर्श घ्यावा. मधला बचावपटू पुढे सरसावला की त्याच्यामागे धावणाऱ्या आघाडीवीराला थ्रू पास द्यावा. बचावपटू जागचा हललाच नाही, तर शॉट मोकळा आहे.

सराव

गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी गेमिंगचे साधन बहुधा मोबाइलच असते. ‘ईफुटबॉल’ आणि ‘एफसी मोबाइल’ दोन्ही फुकट मिळतात. डाव्या अंगठ्याने जॉयस्टिक, उजव्याने पास, थ्रू, शॉट आणि स्प्रिंट, अशी मांडणी असते; वर सांगितलेली तत्त्वे तशीच लागू पडतात. काचेवर बटणाचा उठाव लागत नाही, म्हणून बटणांची जागा आणि आकार सेटिंगमध्ये अंगठ्याच्या बेताने ठरवून घ्यावा. नेटवर्क अडखळत असेल तर आज्ञा उशिरा पोहोचते. अशा वेळी शिकलेले कौशल्य बिघडलेले वाटते. म्हणून नवी गोष्ट आधी संगणकाविरुद्धच्या सामन्यात घोटावी आणि जमल्यावरच ऑनलाइन उतरावे.

सरावाचा क्रम साधा ठेवावा. पहिल्या टप्प्यात स्प्रिंटला हातच लावायचा नाही आणि फक्त साधे पास देत पूर्ण सामना खेळायचा. यातून सहकारी शोधण्याची सवय लागते. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक पासआधी एक स्पर्श घेऊन अंगाचा रोख नीट करायचा. तिसऱ्यात स्प्रिंट येतो, पण बचावपटू जवळ येताच तो सोडण्याच्या अटीवर. चौथ्यात दोन स्किल मूव्ह. सामन्यानंतर रिप्ले पाहून चेंडू कुठे गमावला ते तपासावे: दिशा, जोर, रोख की घाई. एका आठवड्यात एकच चूक हाती घेतली, तर ती खरोखर सुटते.

पुढील लेखांकात बचाव : खेळाडू बदलणे, वाट अडवणे आणि टॅकलची वेळ.